चार अक्षरांचे मास्तर

मी मराठी प्रूफ मोठ्याने वाचायचो आणि मास्तर समोर बसून हिब्रू पुस्तकावरून डाव्या हाताचं बोट उजवीकडून डावीकडे नेत असत. ओळीत ती चार अक्षरं आली की त्यांच्या उजव्या हाताचं बोट टेबलावर दोनदा वाजे. टक टक. त्या ओळीत माझ्या तोंडून 'परमेश्वर' निघाला असेल तर काम पुढे चाले. 'देव' किंवा 'प्रभू' निघाला असेल तर बोट जागीच थांबे आणि मास्तर चष्म्याच्या वरून माझ्याकडे असे बघत, जणू मी त्यांच्या ताटातली माशाची तळलेली तुकडी उचलली आहे. रागावत नसत. फक्त म्हणत, "वसंता, पाहुणा चुकीच्या घरात शिरला."

ती चार अक्षरं म्हणजे हिब्रू बायबलातलं देवाचं नाव. यहुदी माणूस ते डोळ्यांनी वाचतो, तोंडाने उच्चारत नाही. त्या जागी दुसरा शब्द म्हणतो. जवळजवळ दोन वर्षं मी मास्तरांच्या समोर बसलो, पण ते नाव त्यांच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. ऐकली ती टकटक.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी चोवीस वर्षांचा, ठाकुरद्वाराजवळच्या एका छापखान्यात प्रूफरीडर. मालकांना सगळे अण्णा म्हणत. लग्नपत्रिका, शाळांची प्रगतिपुस्तकं, औषधांच्या बाटल्यांची लेबलं, असा आमचा धंदा. एके दिवशी दादरचे एक रेव्हरंडसाहेब स्तोत्रांचं नवं मराठी भाषांतर छापायला घेऊन आले. मूळचे नगरकडचे, मराठीवर जीव असलेले गृहस्थ. भाषांतर त्यांनी स्वतः केलं होतं, पण ते हिब्रूशी ओळन् ओळ ताडून घ्यावं अशी त्यांच्या मिशनची अट होती. त्यासाठी त्यांनी मास्तरांना शोधून काढलं.

मास्तरांनी शाळेत कधी शिकवलं नव्हतं. परळच्या एका गिरणीत ते निवृत्त होईपर्यंत तयार कापड तपासायच्या, म्हणजे फोल्डिंगच्या खात्यावर होते, आणि 'मास्तर' ही पदवी गिरणीतलीच. बेने इस्रायल समाजाचे. म्हणजे पूर्वी अलिबागकडे तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी बंद ठेवणारे, आपल्याकडे ज्यांना शनवार तेली म्हणत ते. वडील त्यांच्या प्रार्थनालयात प्रार्थना चालवायचे आणि हिब्रू मास्तरांना त्यांच्याकडून मिळाली. "तीस वर्षं कापडातला तुटका धागा शोधला," ते म्हणत. "आता फक्त कापड बदललंय."

त्यांचं बोट खरोखरच तसं होतं. माझ्या शर्टाच्या बाहीवरून एकदा ते सहज फिरलं आणि ते म्हणाले, "हा तागा कुठून घेतलास? हिंदमाताला? शंभर हातांत एक धागा ओढलाय. दुकानदाराला सांग, मास्तर म्हणाले." मी खरंच जाऊन सांगितलं. दुकानदाराने विचारलं, "कोण मास्तर?" आणि मला हाकललं. मास्तरांना हे सांगितल्यावर ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

आमच्या कामाला आठवड्यात दिवस फार थोडे मिळत. अण्णांचा त्यावर रोजचा त्रागा असे. "शुक्रवारी दुपारी मास्तर घराकडे पळतात, शनिवारी उगवत नाहीत. रविवारी रेव्हरंड नाहीत. सोमवारी माझा उपास, मला बोलायचं त्राण नाही. उरलेल्या दिवसांत हा वसंता मोर्च्याला जातो. पुस्तक एका देवाचं आणि सुट्ट्या चार देवांच्या!"

मास्तर शांतपणे म्हणाले, "अण्णा, देवाने सहा दिवसांत जग करून टाकलं. त्याला प्रूफं नव्हती ना."

रेव्हरंडसाहेब आणि मास्तर यांचा मोठा वाद झाला तो अर्थात त्या चार अक्षरांवरून. रेव्हरंडसाहेबांच्या पहिल्या हस्तलिखितात त्या जागी सगळीकडे 'यहोवा' होतं. त्यांचे लोक लहानपणापासून गाण्यांतून ते म्हणत आले होते आणि त्यांना ते गोड लागे. मास्तरांनी पहिल्याच बैठकीत डोकं खाजवायला सुरुवात केली. मग चहा आला तसे ते हळूच म्हणाले, "साहेब, हे नाव नव्हे. हा फोटो आहे, तोसुद्धा चुकलेला."

"म्हणजे काय?"

"जुन्या हिब्रूत काना-मात्रा लिहीत नसत. नुसती व्यंजनं. मागाहून पंडितांनी अक्षरांखाली खुणा घातल्या, लोकांना नीट वाचता यावं म्हणून. पण या चार अक्षरांखाली त्यांनी मुद्दाम दुसऱ्या शब्दाच्या खुणा ठेवल्या. 'अदोनाय' या शब्दाच्या. म्हणजे 'माझे प्रभू'. वाचणाऱ्याने समजावं की इथे तो शब्द म्हणायचा. पुढे बाहेरच्या लोकांनी अक्षरं याची आणि खुणा त्याच्या एकत्र वाचल्या आणि 'यहोवा' तयार झालं. उद्या माझा कोट आणि तुमची हॅट एका खुंटीवर टांगली, तर तिथे तिसरा माणूस उभा राहतो का?"

मी प्रूफामागे तोंड लपवून हसलो. रेव्हरंडसाहेब हसले नाहीत. "मास्तर, देवाने आपलं नाव स्वतः सांगितलं. सांगितलेलं नाव लपवून ठेवायचं, हे मला पटत नाही."

मास्तरांनी बशीतला चहा संपवला. मग विचारलं, "साहेब, आपल्या मंडळी आपल्याला काय म्हणून हाक मारतात?"

"कोण, आमच्या घरी? 'अहो' म्हणतात."

"तुमचं नाव त्यांना ठाऊक नसेल."

"भलतंच! ठाऊक नसायला काय झालं?"

"मग लपवत असतील."

रेव्हरंडसाहेबांनी कप खाली ठेवला. मग ते हसायला लागले. इतके, की अण्णा आतून बघायला आले. "आणि बरं का साहेब," मास्तर पुढे म्हणाले, "चाळीत चाळीस बायका 'अहो' म्हणतात, पण प्रत्येक घरातून बरोबर तोच नवरा बाहेर येतो."

त्या दिवसापासून 'यहोवा' गेला. पण त्या जागी घालायचं काय, हा प्रश्न उरला. रेव्हरंडसाहेब म्हणाले, इंग्रजीत त्या ठिकाणी 'प्रभू' या अर्थाचा शब्द घालतात आणि तो सगळा मोठ्या अक्षरांत छापतात, म्हणजे डोळ्यांना कळतं की इथे मुळात ते नाव आहे. आमच्या बाळबोध लिपीत मोठं अक्षर नि लहान अक्षर असा भेदच नाही. काळ्या टाइपात घालावं, तर पान डागाळल्यासारखं दिसेल. शेवटी मास्तरांनीच वाट काढली. "शब्द कुठलाही घ्या, पण राखून ठेवा. घरात एक तांब्या देवाचा असतो. त्यातून कुणी चहाला पाणी घेत नाही." मग ठरलं की 'परमेश्वर' हा शब्द फक्त त्या चार अक्षरांसाठी ठेवायचा. 'अदोनाय'ला 'प्रभू' आणि बाकी 'देव'. म्हणून ती टकटक. सगळ्या पुस्तकात देवाचा तांब्या कुणी चुकून चहाला वापरलाय का, ते आम्ही दोघं बघत होतो. कुठल्या स्तोत्रात कोणता शब्द किती वेळा आला याची मास्तरांनी एक वही केली होती, गिरणीच्या जुन्या रजिस्टरात.

काम संपत आलं तशी रेव्हरंडसाहेबांनी एक पानी प्रस्तावना लिहिली. त्यात ती चार अक्षरं हिब्रूतच छापायची होती, त्यासाठी जस्ताचा ठसा करून आणला. शेवटी लिहिलं होतं: 'मूळ हिब्रूशी ताडण्याचे सर्व काम श्री. एलोजी शलोम कुसुंबलेकर यांनी केले.' मास्तरांनी ते प्रूफ घडी करून खिशात घातलं आणि मला म्हणाले, "चल घरी. तुझ्या काकूला दाखवू."

परळच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. काकूंनी चष्मा लावला, पदराने हात पुसले आणि प्रस्तावना मोठ्याने वाचायला घेतली. छान खणखणीत वाचत होत्या. शेवटच्या वाक्यावर आल्या आणि म्हणाल्या, "'...ताडण्याचे सर्व काम श्री.'" पुढे गप्प.

"वाच ना," मास्तर म्हणाले.

"'श्री... यांनी केले.' झालं."

"मधलं कुठे गेलं?"

"अहो, जनाची नाही तर मनाची! या मुलासमोर मी नाव घेऊ तुमचं?" त्यांनी कागद माझ्या हातात दिला. "वसंता, तू वाच बाबा." मी वाचलं. त्यांनी मला ते तीन वेळा वाचायला लावलं. मास्तर खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. त्या घरात तोवर कुणाचं नाव छापून आलं नव्हतं.

इथून पुढचं लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं.

प्रस्तावना छापताना कागद नीट बसला नाही आणि खालच्या ओळी तिरप्या उमटल्या. एका मोठ्या कागदावर आठ प्रती, असे गठ्ठेच्या गठ्ठे वाया गेले. अण्णा ते रद्दीत टाकायला निघाले, तसे मास्तर आडवे आले. "ती चार अक्षरं यात आहेत. हे रद्दीत जायचं नाही." त्यांच्याकडे असा कागद जुना झाला, फाटला, चुकला, तरी फेकत नाहीत, साठवतात आणि कबरस्तानात नेऊन माणसासारखा पुरतात. अण्णांना हे फार आवडलं. "आमच्याकडे जुन्या पोथ्या समुद्रात सोडतात, तसंच की!" म्हणाले. गठ्ठे कपाटात गेले. तो शुक्रवार होता, मास्तरांना घरी जायची घाई. कपाटाची किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "सोमवारी नेतो. तोवर तू सांभाळ."

रविवारी सकाळी छापखाना बंद असे, पण माझ्याकडे दाराची चावी होती. मंगळवारी परळच्या मैदानावर सभा होती आणि आमच्या गटाला पत्रकं हवी होती. पत्रकावर आपलं नाव घालायला एकही छापखाना तयार नव्हता. पोलिस मागावर असत. कागदाची दुकानं बंद. अण्णांचा कोरा कागद कुलपात, आणि त्याची किल्ली अण्णांच्या जानव्याला. माझ्या खिशात दुसरी किल्ली होती. एका बाजूला छापलेले, दुसऱ्या बाजूला कोरे करकरीत कागद. मी मनाशी म्हणालो, एका बाजूला देवाचं नाव, दुसऱ्या बाजूला महाराष्ट्राचं, यात वाईट काय? आणि मशीनवरच्या गणूला हाक मारली. दुपारपर्यंत पत्रकं छापून, कापून तयार होती. संध्याकाळी लालबाग, परळ, हिंदमाता सगळीकडे वाटली. मास्तर त्या कागदांविषयी काय म्हणाले होते ते मला पाठ होतं. माहीत नव्हतं म्हणून नव्हे, माहीत असून केलं.

सोमवारी दुपारी रेव्हरंडसाहेब आले. हातात पत्रक. हिंदमाताच्या नाक्यावर कुणी तरी त्यांच्या हातात कोंबलं होतं. त्यांनी ते उलटून अण्णांच्या टेबलावर ठेवलं. मागे त्यांचीच प्रस्तावना.

अण्णा पांढरेफटक पडले. "टाळं लागणार प्रेसला. कुणी केलं हे? ते गठ्ठे कुणाकडे होते?"

खोलीत आम्ही चौघंच. मास्तर गठ्ठे न्यायला आले होते, बगलेत रिकामी पिशवी. त्यांनी पत्रक उचललं, पुढून वाचलं, मागून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझं लग्न पुढच्या महिन्यावर आलं होतं. सासरे सरकारी नोकर. मी समोरचं प्रूफ जवळ ओढलं.

"माझ्याकडे होते," मास्तर म्हणाले.

"तुमच्याकडे?" रेव्हरंडसाहेब म्हणाले. "मास्तर, त्या नावाचा कागद तुम्ही रस्त्यावर टाकलात? तुम्ही?"

"गठ्ठ्यांची जबाबदारी माझी होती. जे झालं ते माझ्या नावावर." त्यांनी पिशवीची घडी केली, छत्री घेतली आणि गेले. मी प्रूफ वाचत होतो. म्हणजे डोळे कागदावर ठेवले होते.

रेव्हरंडसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना मिशनला उत्तर द्यायचं होतं. प्रस्तावना पुन्हा छापायची ठरली, मास्तरांचं वाक्य काढून. उरलेली थोडी स्तोत्रं मी मास्तरांच्या वहीवरून तपासली, म्हणून त्या जागी घातलं: 'ताडणीचे काम श्री. वसंत राजे यांनी केले.' हिब्रूतलं एक अक्षर मला ओळखता येत नाही. मी ते प्रूफ वाचलं, एकही चूक काढली नाही आणि सही केली.

हे पुढचं; त्या सोमवारनंतर दुसऱ्याच दिवशी मला राहवलं नाही. परळला गेलो. दारातच सांगून टाकायचं, असं पाठ करून गेलो होतो. "मास्तर, ते पत्रक मी..."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "इतकं शुद्ध पत्रक गिरणगावात दुसरं कोण काढणार? 'गोळीबाराचा निषेध असो'च्या पुढे अर्धविराम! अरे, चळवळीत कुणी अर्धविराम देतं का?" आणि ते हसले. मी रडत होतो आणि ते हसत होते. काकू आतून ओरडल्या, "अहो, त्याला आधी खायला घाला, मग हसा!" त्यांनी गूळ-खोबऱ्याचे पोहे पुढे ठेवले. मी विचारलं, "तुम्ही का घेतलं अंगावर?"

"तुझं लग्न आहे. मला पोलिस काय करणार? आणि आम्ही तसेही निघालोय." त्यांचा मुलगा आधीच इस्रायलला गेला होता, पुढच्या वर्षी तेही जाणार होते. मग ते उठले, काळी टोपी घातली, कोट चढवला. "पोहे संपव. जायचंय."

"कुठे?"

"गोळा करायला. तू वाटलंस, तू उचल."

ते पुढचे चार-पाच दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लाजेचे आणि सगळ्यात मजेचे. कोट-टोपी घातलेला म्हातारा लोकांना थांबवून विचारतोय, "सभेचं पत्रक आहे का? जरा मागची बाजू पाहू." लोकांना वाटे सीआयडी. लालबागच्या एका पानवाल्याने आम्हाला बघून दुकानाची फळीच ओढली. परळच्या बाजारात एका कोळिणीने पत्रकात कोळंबीचा वाटा बांधला होता. मास्तर तिला म्हणाले, "बाय, तेवढा कागद दे."

"मेल्या, कागद कशाला रं तुला? कोलबी घे की!"

"कोळंबी आम्हाला चालत नाही. धर्मात नाही."

"मंग कागद बी धर्मात नाय!" ती म्हणाली, आणि सगळा बाजार हसला. शेवटी मास्तरांनी वाटा विकत घेतला, कागद काढून घेतला आणि कोळंबी माझ्या रुमालात ओतली. "तुम्ही गिरगावकर खाता ना? आईला दे." त्या दिवशी आमच्या घरी कोळंबीचं कालवण झालं. मला दुसऱ्यांदा भात मागायची लाज वाटली, पण मी मागितला.

खरी गंमत झाली ती एका गिरणीच्या फाटकावर. पाळी सुटली होती. मास्तर रस्त्यावर वाकून पत्रकं उचलत होते, फुंकर मारून धूळ झाडत होते, छातीशी धरत होते. चार कामगार थबकले. "ओ, हे आपले फोल्डिंगचे मास्तर! बघा रे, पत्रक पायाखाली येऊ देत नाहीत. याला म्हणतात निष्ठा!" बघता बघता गर्दी जमली. कुणी तरी खोकं आणलं आणि मास्तरांना त्यावर चढवलं. "बोला मास्तर, बोला!"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मग ते बोलले. त्यांचं आयुष्यातलं पहिलं आणि शेवटचं भाषण. "मंडळी, आमचे पूर्वज समुद्रातून आले म्हणतात. कुठून आले ते आम्ही विसरलो, पण भांडतो मराठीत, रडतो मराठीत. मुंबई महाराष्ट्राचीच." टाळ्या. "आणि एक विनंती. कृपा करून ही पत्रकं मला परत द्या."

गर्दीला वाटलं, पुन्हा वाटायला हवी असतील. 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' या घोषणेत खिशाखिशांतून पत्रकं निघाली आणि मास्तरांच्या पिशवीत पडली. एक तरुण म्हणाला, "मास्तर, माझ्याकडे नाही, पण घरी आहे, आणतो!" आणि खरंच पळत जाऊन घेऊन आला.

पिशवी घेऊन आम्ही त्यांच्या कबरस्तानात गेलो. एका कोपऱ्यात त्यांनी स्वतः खड्डा केला, मला कुदळ दिली नाही. कागद ठेवले, माती लोटली, हिब्रूत काही म्हणाले. मी म्हणालो, "मास्तर, सगळे नाही मिळाले." ते हात झटकत म्हणाले, "बाकीचे ज्याचे त्याला सापडतील. त्याला वेळ पुष्कळ आहे."

रेव्हरंडसाहेबांना खरं सांगतो, असं मी त्यांना त्या दिवशी म्हणालो. "आत्ता नको," ते म्हणाले. "लग्न होऊ दे. पोलिसांचं थंड होऊ दे. मग सांग." माझ्या लग्नाला ते काकूंना घेऊन आले, पहिल्या रांगेत बसले. पुढच्या वर्षी मी त्यांना बोटीवर पोचवायला गेलो. काकूंच्या हातात आमसुलांची बरणी होती, ती त्या हमालाला हात लावू देत नव्हत्या. मास्तर म्हणाले, "इथे जन्मभर लोक मला इस्रायल म्हणाले. तिकडे सगळे हिंदी म्हणणार. बोटीवर तेवढे काही दिवस मी नुसता एलोजी." आणि मला जवळ घेऊन पाठीवर दोनदा थोपटलं.

त्यांची पत्रं येत. मराठी टाइपासाठी जीव तुटतो, असं लिहीत. कधीही त्या प्रस्तावनेचा उल्लेख केला नाही. लग्न झालं, पोलिसांचं थंड झालं, महाराष्ट्रही झाला. मी सांगितलं नाही. पहिली कारणं संपली तशी मी नवी शोधली: रेव्हरंडसाहेबांची प्रकृती, अण्णांचा छापखाना, माझी बढती. मग रेव्हरंडसाहेब गेले, मास्तरांनाच दोषी समजून. मास्तरही तिकडेच वारले. काकूंनी कुणाकडून तरी दोन ओळी लिहून कळवलं. पुस्तकाच्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि प्रत्येकीत माझं नाव. एकदा एका विद्वान गृहस्थाने माझा हात हातात घेऊन विचारलं, "'परमेश्वर' हा शब्द असा राखून ठेवायची कल्पना आपली?" मी हसलो. नाही म्हणालो नाही. नव्वदीला टेकलोय, पण ते हसू मला अजून आठवतं.

गेल्या महिन्यात नव्या आवृत्तीसाठी प्रकाशनाच्या एका तरुण बाईंचा फोन आला. मी हयात आहे हे कळून त्यांना फार आनंद झाला होता. मी त्यांना सगळं सांगितलं, वर लिहिलंय तसंच. मग त्या म्हणाल्या, "काका, कोळंबीचं खरंच झालं?"

"खरंच."

"प्रस्तावनेचं प्रूफ पाठवते. तुम्हीच दुरुस्त करा."

प्रूफ आलं. मी भिंग घेतलं. माझ्या नावावर आडवी रेघ मारली, वर मास्तरांचं पूर्ण नाव लिहिलं आणि समासात पुन्हा एकदा सुटं सुटं लिहिलं. बाईंनी फोनवर विचारलं, "तुमचं नाव पूर्णच काढायचं? निदान प्रूफरीडर म्हणून ठेवू या?"

"प्रूफरीडरचं नाव कधी छापतात का?" मी म्हणालो, आणि पानाच्या खाली सही करून लिहिलं, 'दुरुस्ती करून छापावे.'